वीस मीटरांचे अंतर

श्रोतेहो, फ्रान्सच्या वायव्य भागात, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर, ल माँ नावाचे एक प्राचीन शहर आहे. या शहरातून दक्षिणेस तूरकडे जाणारा रस्ता इतर कोणत्याही हमरस्त्यासारखाच आहे. दोन्ही बाजूंस झाडी, मधूनच एखादे उपाहारगृह, आणि वर्षभर मालमोटारींची व प्रवाशांची रहदारी. जून महिन्यात मात्र काही दिवस तो रहदारीस बंद होतो, आणि एरवी जेथे शेतकरी आपली गाडी सावकाश हाकीत असतो तेथून माणसे ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाऊ लागतात. १९२३ साली येथे २४ तासांची मोटारशर्यत प्रथम भरली. महायुद्धाचा काळ व एखाददुसरे वर्ष वगळता ती आजतागायत भरत आली आहे.

या शर्यतीचा एक नियम आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सारे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरणार आहे. ठरलेले अंतर सर्वांआधी कोण कापतो, हे येथे पाहत नाहीत. ठरलेल्या २४ तासांत सर्वांत अधिक अंतर कोणी कापले, हे पाहतात. शनिवारी दुपारी ४ वाजता निशाण खाली येते आणि रविवारी त्याच वेळी शर्यत संपते. ज्या काळाविषयी मी बोलणार आहे, त्या काळी प्रत्येक गाडीला दोन चालक असत. एक चालवी, तेव्हा दुसऱ्याने विश्रांती घ्यावी. गाडीला मात्र विश्रांती नसे.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आणि शासकीय सेवा हे चरितार्थाचे साधन. १९६६ सालच्या ल माँच्या शर्यतीकडे माझे लक्ष प्रथम गेले ते अर्थातच तिच्यातील वेगामुळे. परंतु मी तिच्यात गुंतून राहिलो तो एका आदेशामुळे. आदेश देणे, घेणे आणि त्यांची टिप्पणी लिहिणे यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असा आदेश दुरूनही ओळखू येतो.

या कथेचा आरंभ एका फिसकटलेल्या सौद्यापासून होतो. १९६३ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीचा प्रमुख दुसरा हेन्री फोर्ड याला मोटारशर्यतींत नाव मिळवावेसे वाटू लागले. तरुण गिऱ्हाईक वाढत होते, आणि रविवारी जी गाडी शर्यत जिंकते तिची सोमवारी विक्री होते, असा त्या धंद्यातील समज होता. शर्यतीचा विभाग नव्याने उभारण्यापेक्षा तो विकतच घ्यावा, या विचाराने फोर्डची माणसे इटलीतील एन्झो फेरारी याच्याकडे गेली. बोलणी बरीच पुढे गेली. परंतु शर्यतीच्या कामात अखेरचा शब्द कोणाचा, या प्रश्नाशी फेरारी अडला आणि त्याने सौदा मोडला. पैशावरून मोडलेला सौदा पुन्हा जुळतो. मानावरून मोडलेला सहसा जुळत नाही. ल माँ येथे १९६० पासून दरवर्षी फेरारीच्या गाड्या जिंकत होत्या. त्याच मैदानात त्यांना हरवावयाचे, असे फोर्डने ठरविले.

त्यातून जी गाडी जन्मास आली तिचे नाव 'जीटी ४०'. त्यातील ४० हा आकडा तिच्या उंचीचा, म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंत सुमारे ४० इंच. उभ्या माणसाच्या कमरेला लागेल इतकीच ही गाडी उंच होती. ती अमेरिकन म्हणून प्रसिद्ध झाली. पण तिचे बालपण इंग्लंडमध्ये गेले, हेही सांगितले पाहिजे. एरिक ब्रॉडली, रॉय लन आणि जॉन वायर या तिघांच्या देखरेखीखाली इंग्लंडमधील स्लाव येथे तिचे काम झाले. १९६४ च्या एप्रिलमध्ये ती ल माँच्या चाचणीस उतरली, तेव्हा वेग वाढताच तिचे मागील अंग हलके होऊन ती रस्ता सोडू पाहू लागली. दोन चालकांना अपघात झाले. पुढे शेपटीवर पत्र्याची एक लहानशी उभी पट्टी बसविल्यावर हा दोष आटोक्यात आला. वाऱ्याने उचलू पाहणारी गाडी त्याच वाऱ्याने खाली दाबून धरली गेली.

तथापि १९६४ च्या जूनमध्ये उतरलेल्या तिन्ही फोर्ड गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. १९६५ मध्ये सहा उतरल्या. त्याही सहाच्या सहा बंद पडल्या. या दोन्ही वर्षी पहिले तीन क्रमांक फेरारीच्या गाड्यांनी घेतले. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या उद्योगांपैकी एकाची ही अवस्था होती. गाडी वेगवान होती, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण वेग असणे आणि तो २४ तास टिकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१९६६ च्या शर्यतीसाठी तयार झालेली 'मार्क दोन' ही सुधारलेली गाडी या धड्यातून निघाली होती. तिच्यात ४२७ घन इंचांचे, म्हणजे ७ लिटरचे, आठ नळकांड्यांचे अवजड इंजिन होते. ते सुमारे ४८५ अश्वशक्ती देत असे. हे इंजिन फार जोराने न फिरवता गाडीला पुढे रेटीत असे, आणि म्हणूनच ते टिकण्याची आशा होती. डिअरबॉर्न येथील प्रयोगशाळेत अभियंत्यांनी इंजिन आणि गिअरपेटी एका चाचणीयंत्राला जोडली. ल माँच्या एका फेरीत चालक केव्हा गिअर बदलतो, केव्हा वेग वाढवतो, केव्हा कमी करतो, याची नोंद करून ती यंत्राला शिकविली. मग त्या बंद खोलीत, रस्ता नाही, चाके नाहीत, चालक नाही, अशा स्थितीत ते इंजिन फेरीमागून फेरी ल माँची शर्यत धावत राहिले. जे मोडेल ते दुरुस्त करावयाचे आणि पुन्हा आरंभ करावयाचा.

आता क्षणभर आपण या गाडीत बसू. चालक जवळजवळ आडवा पहुडलेला असतो. डोक्यावर छप्पर टेकते की काय असे वाटते, पाठीमागे हातभर अंतरावर इंजिनाचा गडगडाट, आणि जूनच्या उन्हात आतील हवा भट्टीसारखी. त्या काळी ल माँची एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची होती. प्रेक्षकांच्या सज्जांसमोरून निघून रस्ता डनलॉप पुलाच्या चढावर जाई, तेथून नागमोडी वळणांनी खाली उतरे आणि तेर्त्र रूज या उजव्या वळणाशी येई. हे वळण दिसावयास साधे. पण त्यापुढेच तूरचा तो सरळ रस्ता सुरू होतो. वळणातून गाडी ज्या वेगाने बाहेर पडेल तो वेग पुढच्या सहा किलोमीटरांची पुंजी असते. येथे आत शिरताना घाई करून बाहेर पडताना अडखळला, त्याला त्या घाईचे व्याज मिनिटभर भरावे लागे.

सरळ रस्त्यावर 'मार्क दोन' ताशी ३२० किलोमीटरांच्या पलीकडे जाई. म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर. आपण एकदा पापणी मिटून उघडतो तेवढ्यात ही गाडी मोठ्या वाड्याची लांबी ओलांडून गेलेली असे. त्याच रस्त्यावर लहान इंजिनांच्या, कितीतरी कमी वेगाच्या गाड्याही धावत असत. रात्री पुढे दिसणारा तांबडा दिवा किती अंतरावर आहे आणि त्याच्या चालकाने आपणांस पाहिले आहे की नाही, याचा निर्णय एका श्वासात करावा लागे. रस्त्याच्या अखेरीस म्यूल्सान गावाजवळचे काटकोनी वळण. तेथे हा ३२० चा वेग ५०-६० वर आणावयाचा. पुढे झाडीतून आर्नाजचे संथ वळण, मग मेझाँ ब्लांश या पांढऱ्या घराजवळची अवघड वाट, आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर. उत्तम चालकाला या सर्वांस साडेतीन मिनिटे लागत. १९६६ मध्ये डॅन गर्नी याने ३ मिनिटे ३०.६ सेकंदांत ही फेरी पुरी केली. सर्व वळणे धरूनही ताशी २३० किलोमीटरांची ही सरासरी होती.

वेगवान गाडी चालविणे म्हणजे पायाखालची कळ दाबून धरणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सरळ रस्त्यावर ती कळ कोणीही दाबून धरील. खरी परीक्षा म्यूल्सानच्या वळणाशी होती. गतीतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. त्यामुळे ३२० वरून ५५ वर येताना गाडीतील सुमारे ९७ टक्के गतिशक्ती काही सेकंदांत नाहीशी करावी लागे. शक्ती नाहीशी होत नाही. ती उष्णतेचे रूप घेते. ब्रेकच्या लोखंडी चकत्या तापून ८०० अंश सेल्सियसच्या आसपास जात आणि अंधारात चाकांमधून तांबड्या दिसत. लगेच पुढच्या रस्त्यावर वारा त्यांना थंड करी. प्रत्येक साडेतीन मिनिटांनी तापणे आणि निवणे, असे २४ तास. लोहाराच्या भट्टीतील लोखंडालाही इतका छळ सोसावा लागत नाही. चकत्यांना तडे जात.

म्हणून या गाडीच्या इतिहासात मला इंजिनापेक्षा ब्रेकचे प्रकरण अधिक महत्त्वाचे वाटते. फिल रेमिंग्टन नावाच्या कुशल कारागिराने अशी युक्ती काढली की, गाडी इंधनासाठी थांबली असता झिजलेल्या चकत्या थोड्या अवधीत काढून नव्या बसविता याव्यात. आणि चालकांनी आपल्या परीने दुसरी युक्ती आत्मसात केली. जाणता चालक वळण येण्यापूर्वीच पाय वर उचलून घेई, समोरच्या वाऱ्यालाच गाडीचा पहिला वेग खाऊ देई, आणि मग हलकेच ब्रेक लावी. यात फेरीमागे क्षणभर जाई. पण तो क्षण दिला नाही तर पहाटे ब्रेक उरत नसत. कोठे सोडावयाचे हे ज्याला कळले, त्यालाच सकाळपर्यंत धरून ठेवता आले.

ही विद्या ज्याने सर्वांत खोलवर साधली होती तो केन माइल्स. १९१८ साली इंग्लंडमध्ये जन्म, तरुणपणी मोटारकारखान्यात उमेदवारी, महायुद्धात रणगाड्यांच्या दलात नोकरी, आणि युद्धानंतर काही वर्षांनी कॅलिफोर्नियात स्थलांतर. तेथे स्वतः जुळविलेल्या लहान गाड्यांनी त्याने मोठ्यांना हरविले होते. टेक्सासचा कॅरोल शेल्बी याने स्वतः १९५९ मध्ये ल माँची शर्यत जिंकली होती. हृदयविकारामुळे चालविणे सोडून त्याने स्वतःची शर्यतसंस्था काढली, आणि फोर्डने आपल्या गाड्या त्याच्या हाती सोपविल्या, तेव्हा त्या सुधारण्याचे काम मुख्यतः माइल्सकडे आले. गाडी चालवून परत यावे आणि कोणता भाग कोठे चुकतो आहे हे कारागिरांना नेमके सांगावे, ही त्याची खासियत. तो बोलण्यात तिखट होता आणि वरिष्ठांना रुचेल असेच बोलावे, ही कला त्याला अवगत नव्हती. १९६६ साली तो ४७ वर्षांचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत डेटोना येथील २४ तासांची आणि मार्चमध्ये सेब्रिंग येथील १२ तासांची शर्यत त्याने लॉइड रूबी या जोडीदारासह जिंकली होती. ल माँ जिंकली असती, तर एकाच वर्षी या तिन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला चालक ठरला असता.

या तयारीची किंमत काय होती, हेही विसरता कामा नये. १९६६ च्या एप्रिलमध्ये ल माँच्या चाचणीत ओल्या रस्त्यावर वॉल्ट हॅन्सगेन या अनुभवी अमेरिकन चालकाची 'मार्क दोन' आदळली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. याच मैदानावर १९५५ साली एक गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्यू पावली होती. शर्यतीत उतरणारा प्रत्येकजण या आठवणी बरोबर घेऊनच उतरत असे.

१८ जून १९६६. दुपारी ४ वाजता दुसऱ्या हेन्री फोर्डनेच निशाण दाखविले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे गाड्या रस्त्याच्या एका कडेस तिरक्या रांगेत उभ्या होत्या, आणि चालक समोरच्या कडेवरून धावत येऊन आत बसले. सरावात ज्याने अधिक वेग दाखविला त्याची गाडी रांगेत पुढे, हा नियम. माइल्स त्यामुळे अगदी पुढच्या गाड्यांत होता. ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन या न्यूझीलंडच्या जोडीची काळी फोर्ड त्याच्या थोडी मागे होती. हा तपशील लक्षात असू द्यावा.

माइल्सचा आरंभच चुकला. या गाडीच्या दारात छपराचाही काही भाग येई. ते ओढून घेताना त्याच्या शिरस्त्राणावर आदळले आणि नीट लागेना. पहिली फेरी संपताच त्याला थांबावे लागले. तेथून तो एकेक गाडी मागे टाकीत वर आला. रात्री पाऊस आला. फेरारीच्या मुख्य गाड्या एकामागून एक बाद होत गेल्या. पुष्कळ वेळ आघाडीवर असलेली गर्नीची तांबडी फोर्ड रविवारी सकाळी इंजिन तापून बंद पडली. आठपैकी तीन 'मार्क दोन' उरल्या. माइल्स आणि त्याचा जोडीदार डेनी हल्म यांची निळी, मॅक्लारेन व एमन यांची काळी, आणि बारा फेऱ्या मागे असलेली तिसरी सोनेरी. जखमी रूबीच्या जागी हल्म आला होता. अखेरच्या टप्प्यात माइल्सची गाडी आघाडीवर होती.

फोर्डच्या शर्यतविभागाचा प्रमुख लिओ बीबी याच्यासमोर आता निराळाच प्रश्न उभा राहिला. विजय निश्चित झाला होता. दोन गाड्या एकमेकींशीच झुंजून मोडल्या, तर दोन अपयशी वर्षांचे सारे श्रम वाया जाणार होते. म्हणून वेग कमी करण्याचे आदेश निघाले. इथपर्यंत तक्रारीस जागा नाही. पण त्यापुढे आणखी एक आदेश निघाला. तिन्ही गाड्यांनी एकत्र यावे आणि पहिल्या दोघींनी रेषा एकाच वेळी ओलांडावी. विजय एका जोडीचा दिसू नये. तो कंपनीचा दिसावा.

आदेशानुसार माइल्स मागे आला. चार वाजण्याच्या सुमारास रिमझिम पावसात तीन गाड्या संथपणे सज्जांसमोर आल्या. त्या दिवसाची प्रसिद्ध छायाचित्रे याच क्षणाची आहेत. रेषेपाशी मॅक्लारेनची गाडी किंचित पुढे होती. माइल्सने मुद्दाम पाय उचलला, की मॅक्लारेनने थोडा वेग घेतला, याविषयी पाहणाऱ्यांत तेव्हापासून मतभेद आहेत. परंतु निकालाच्या दृष्टीने त्याने फरक पडत नव्हता. दोघींनी ३६० फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. आणि शर्यत तर अंतराची होती. मॅक्लारेनची गाडी आरंभी रांगेत मागे उभी होती. अर्थात त्याच रेषेपर्यंत येताना तिने अधिक अंतर कापले होते. किती अधिक? सुमारे २० मीटर. एकूण ४,८४३ किलोमीटरांच्या धावेत २० मीटर. बरोबरी मान्य झाली नाही. मॅक्लारेन आणि एमन विजयी घोषित झाले.

श्रोतेहो, या गणिताचा अर्थ पाहा. माइल्सची गाडी आरंभी पुढे उभी होती ती सरावात तो अधिक वेगवान ठरला म्हणून. तो सरावात हळू चालविता, तर रांगेत मागे उभा राहता आणि कदाचित जिंकता. नियमात खोट नव्हती. मोजणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मोजले. मॅक्लारेन आणि एमन यांनीही दिवसरात्र तितकेच धैर्य दाखविले होते. त्यांनी कोणाचे काही हिरावून घेतले नाही. हा नियम संयोजकांनी बीबीला आदेशापूर्वी सांगितला होता की सांगेपर्यंत उशीर झाला होता, याविषयीही वेगवेगळ्या हकीकती आहेत. निर्णय आपलाच होता, हे बीबीने पुढे मान्य केले. आणि आपण त्यास संमती दिली याची खंत शेल्बीने अखेरपर्यंत बोलून दाखविली.

माइल्सला पुन्हा संधी मिळाली नाही. शर्यतीनंतर दोन महिनेही झाले नव्हते. १७ ऑगस्ट १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे तो फोर्डच्या पुढील वर्षाच्या गाडीची चाचणी घेत होता. ॲल्युमिनियमचे, आत मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेले पत्रे एकमेकांस चिकटवून तिचा सांगाडा केला होता. लांब सरळ रस्त्याच्या अखेरीस, जेथे वेग आवरावयाचा, तेथेच ती अकस्मात ताब्याबाहेर जाऊन उलटली आणि तुटली. माइल्स बाहेर फेकला जाऊन जागीच ठार झाला. कारण निश्चितपणे कळू शकले नाही. त्यानंतर त्या नमुन्याच्या गाड्यांत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा मजबूत पिंजरा बसविण्यात आला. १९६७ च्या ल माँच्या शर्यतीत रात्रीच्या वेळी मारिओ आंद्रेती याच्या गाडीचा ब्रेक लावताक्षणी ताबा सुटला आणि ती भिंतींवर आदळत गेली. बरगड्यांना इजा होऊनही तो जिवंत बाहेर आला, आणि त्याचे श्रेय त्या पिंजऱ्याला देतात. त्याच वर्षी डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट या अमेरिकन जोडीने अमेरिकेतच बांधलेल्या 'मार्क चार' गाडीने शर्यत जिंकली. १९६८ व १९६९ मध्येही फोर्डच जिंकली. मॅक्लारेनही फार जगला नाही; १९७० मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे गाडीची चाचणी घेतानाच त्याचा अंत झाला.

१९६६ च्या नोंदीत मात्र पहिल्या जागी जे नाव आहे तेच राहिले, आणि तसेच राहावे. इतिहासाने नोंदी बदलावयाच्या नसतात. त्या नोंदीच्या मागे काय होते, ते सांगावयाचे असते. २०१९ साली निघालेल्या एका चित्रपटाने माइल्सचे नाव पुष्कळांना परिचित करून दिले. ती गोष्ट चांगलीच झाली. परंतु चित्रपटाला खलनायक लागतो, आणि बीबीला खलनायक ठरविले की आपली सर्वांची सुटका होते. मला तशी सुटका करून घेता येत नाही. त्याचे कारण सांगून हे भाषण संपवितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या अखत्यारीतील एका तालुक्यात मोठा पूर आला. तेथील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने चार दिवस व चार रात्री जे काम केले, ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. नावा कोठून आणावयाच्या, कोणती वस्ती आधी हलवावयाची, कोणता पूल बंद करावयाचा, हे सारे त्याने ठरविले, आणि अनेक कुटुंबे वाचली. पुढे गौरवासाठी अहवाल मागविण्यात आला. मसुदा माझ्याकडे होता. काम सर्वांचे आहे, तेव्हा नावे ज्येष्ठतेनुसार एकत्र द्यावीत, अशी वरून सूचना आली. सूचनेत चूक काहीच नव्हती. ज्येष्ठतेची यादी प्रामाणिक होती. त्या यादीत त्याचे नाव सहावे आले, आणि गौरव पहिल्या तिघांचा झाला. मी स्वाक्षरी केली. त्याने मला कधी काही विचारले नाही. निवृत्तीच्या दिवशी माझ्या खोलीत येऊन नमस्कार करून गेला.

म्हणून त्या पावसातील छायाचित्राकडे पाहताना माझी नजर पुढच्या दोन गाड्यांवर ठरत नाही. ती चौकटीबाहेर जाते, जेथे आदेश देणारे उभे असतील तेथे. वेग कमी करा, हा त्यांचा पहिला आदेश शहाणपणाचा होता, कारण तो माणसांच्या व यंत्रांच्या रक्षणासाठी होता. एकत्र या, हा दुसरा आदेश केवळ दिसण्यासाठी होता. आदेश देणाराला या दोहोंतील भेद ऐन वेळी कळला पाहिजे. नंतर कळून काही उपयोग नसतो. माइल्सने तर दोन्ही आदेश पाळले. वर्षभर तो त्या गाडीला वेळीच पाय उचलावयास शिकवीत आला होता, आणि अखेरच्या फेरीत त्याला सांगण्यात आले तेही तेवढेच.